वहीतले वेबपेज

बारावीचा निकाल लागला, की घरोघरी महाविद्यालयांची माहितीपत्रके येऊन पडतात. बीसीए, बीएस्सी आयटी, संगणकशास्त्राची पदवी, पॉलिटेक्निकचा डिप्लोमा, झालेच तर बी.कॉम.च्या जोडीला सहा महिन्यांचे एखादे प्रमाणपत्र. यांतल्या बऱ्याच अभ्यासक्रमांत एक विषय हमखास असतो. कुठे त्याला 'वेब डिझायनिंग' म्हणतात, कुठे 'वेब टेक्नॉलॉजी'. पाटी कोणतीही असो, आतला माल एकच: एचटीएमएल, सीएसएस आणि चवीपुरती जावास्क्रिप्ट. पंचवीस वर्षांपूर्वी हे नाव वाचले, की आईवडिलांचे डोळे लकाकत. मुलाला वेबसाइट बनवता येते, म्हणजे परदेशचे तिकीट काढल्यातच जमा! आता तेच नाव वाचून पालक विचारतात, "हल्ली म्हणे यंत्राला नुसते सांगितले, तरी ते अर्ध्या मिनिटात पान तयार करून देते. मग आमच्या मुलीने हे शिकायचे कशाला?"

प्रश्न रास्त आहे. त्याला मिळणारे उत्तर मात्र रास्त नसते. 'मार्केटमध्ये फार स्कोप आहे' असे ठोकून दिले जाते. खरी गोष्ट अशी, की केवळ एचटीएमएल येते म्हणून कोणी नोकरीवर ठेवील, हा काळ केव्हाच सरला. २००३ मध्ये वर्डप्रेस आले, मागोमाग तयार साच्यांची दुकानेच उघडली; आणि गेल्या दोन-तीन वर्षांत तर कृत्रिम बुद्धिमत्तेला मराठीत सांगावे आणि तिने पान पुढ्यात ठेवावे, इथवर मजल गेली आहे. साधे पान बांधून देण्याची मजुरी आता फारशी उरलेली नाही. ज्याला पुढे प्रोग्रॅमर व्हायचे आहे त्याला ही पायरी चढावी लागतेच, ते वेगळे. पण वर्गातल्या साठांपैकी किती जण त्या वाटेने जाणार? उरलेल्यांनी हा विषय का शिकावा, याचे उत्तर नोकरीच्या जाहिरातींत सापडणार नाही. त्यासाठी ही वेब मुळात कशासाठी निघाली, तिथे जावे लागते.

जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये तिची कल्पना मांडली. शास्त्रज्ञांचे अहवाल आणि टिपणे निरनिराळ्या संगणकांवर विखुरलेली होती. ती एकमेकांना जोडता यावीत, एवढाच हेतू. १९९० च्या अखेरीस त्यांनी पहिला ब्राउझर लिहिला. त्याची एक गोष्ट आपण साफ विसरलो आहोत. त्या ब्राउझरमध्ये पान वाचता येत होते, आणि तिथेच लिहिताही येत होते. वाचणारे वेगळे आणि लिहिणारे वेगळे, अशी विभागणी त्यांच्या मनात नव्हतीच. पुढे जे ब्राउझर लोकप्रिय झाले त्यांत लिहिण्याची सोय राहिली नाही, आणि आपण सगळे वाचक, किंबहुना प्रेक्षक, होऊन बसलो. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्र सर्वांना मोफत खुले केले. आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सामान्य ग्राहकाला देऊ केले, तेव्हा आपण आलो ते याच प्रेक्षकांच्या रांगेत.

१९९१ सालच्या पहिल्या टिपणात एचटीएमएलच्या जेमतेम १८ खुणा नोंदलेल्या आहेत. हे शीर्षक, हा परिच्छेद, ही यादी, हा दुसऱ्या पानाकडे जाणारा दुवा, अशा धर्तीच्या. आज खुणा शंभराच्या वर गेल्या आहेत, पण घरगुती वापराला पंचवीस-तीस पुरतात. एवढ्या भांडवलावर, एका नोटपॅडवर, जगातल्या कोणालाही वाचता येईल असे पान लिहिता येते. आणि ही विद्या कोणी हातचे राखून शिकवत नाही. संगणकावर एखादे पान उघडावे, कंट्रोलची कळ दाबून धरावी आणि 'यू' दाबावे. कपडा उलटा करून शिवण पाहावी तशी त्या पानाची सगळी शिवण समोर येते. मोठ्या कंपन्यांच्या पानांची शिवण आता इतकी गच्च असते, की डोळ्यांना काही उमगत नाही, हे खरेच. पण साध्या पानांची अजून वाचता येते. जुन्या पिढीतले कित्येक जण ही कला अशी दुसऱ्यांची पाने उलटीसुलटी करूनच शिकले.

म्हणजे हा विषय टंकलेखनासारखा पोटापाण्याचा कोर्स नाही. तो अक्षरओळखीच्या जातकुळीतला आहे. अक्षरे येतात म्हणून कोणी लेखक होत नाही, आणि लेखक व्हायचे नाही म्हणून कोणी अक्षरे शिकायचे सोडत नाही. दिवसाचे चार-सहा तास ज्या पानांवर जातात ती कशाची बनलेली असतात, एवढे तरी शिकल्यासवरल्या माणसाला ठाऊक नको का?

आता हे शिकवले कसे जाते ते पाहू. गेली काही वर्षे प्रात्यक्षिक परीक्षांना बहिःस्थ परीक्षक म्हणून जाण्याचा योग येतो. महाविद्यालये निरनिराळी, गावे निरनिराळी, पण टेबलावरचा जर्नलांचा ढीग तोच. खाकी कव्हर घातलेली जर्नले, डाव्या पानावर छापून चिकटवलेले 'आउटपुट', उजव्या पानावर निळ्या शाईने हाताने उतरवलेला कोड. हो, हाताने! वेबपेज वहीत लिहून आणायचे, आणि लेखी परीक्षेतही ते उत्तरपत्रिकेवर लिहायचे. 'तीन ओळी व चार स्तंभ असलेला तक्ता तयार करण्यासाठी कोड लिहा, गुण पाच.' कागदावरचा कोड चालला का, हे कोणाला कळणार? परीक्षक कंस मोजतो आणि गुण देतो. तोंडी परीक्षेत एचटीएमएलचे पूर्ण रूप विचारले, की पाढ्यासारखे 'हायपरटेक्स्ट मार्कअप लँग्वेज' येते. हायपरटेक्स्ट म्हणजे काय, असे विचारले, की पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागतो.

काही ठिकाणी अजूनही 'फ्रेमसेट'चा प्रयोग जर्नलात असतो. एचटीएमएलची जी पाचवी आवृत्ती २०१४ मध्ये प्रमाण ठरली, तिने फ्रेमसेट मोडीत काढला. उजवीकडून डावीकडे सरकत जाणारी 'मार्की'ची अक्षरे तर मुलांची फार आवडती. तीही मोडीतच निघाली आहेत, पण ब्राउझर बिचारा जुन्या पानांची लाज राखण्यासाठी ती अजून सरकवून दाखवतो. ब्राउझरचा हा सोशिकपणा मोठा मजेशीर आहे. सी भाषेत एक अर्धविराम विसरला, तर संगणक तुम्हाला उंबऱ्याशीच अडवतो. एचटीएमएलमध्ये खूण बंद करायला विसरा, एकात दुसरी चुकीची घुसवा. ब्राउझर तक्रार न करता अंदाजाने पान उभे करतो. नवशिक्याला धीर येतो तो यामुळेच. आणि आपले काय चुकले हे त्याला वर्षभर कळत नाही, तेही यामुळेच. चुका दाखवणारी तपासणीची सोय डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने मोफत ठेवली आहे. पण तिच्यासाठी इंटरनेट लागते.

आणि इथेच खरी गोम आहे. कित्येक प्रयोगशाळांत इंटरनेट बंद ठेवलेले असते. का? तर मुले भलतेसलते पाहतील. वेब शिकवायची आणि वेब दाखवायची नाही. पोहण्याचा वर्ग भरवायचा, पण विहिरीला झाकण! मी हा दोष सरसकट शिक्षकांवर टाकणार नाही. तासिका तत्त्वावर राबणारा शिक्षक, साठ मुले, वीस यंत्रे, त्यांतली चार बंद, आणि डोक्यावर विद्यापीठाने नेमून दिलेला प्रयोगांचा आकडा. तो जर्नले पुरी करून घेतो, कारण तपासणी जर्नलांचीच होते.

पान खरोखर वेबवर चढवले, म्हणजे पहिल्या तासाभरात जे शिकायला मिळते ते वर्षभराच्या वहीत मिळत नाही. मुलाने पानावर आपल्या गावच्या देवळाचे छायाचित्र घातलेले असते. त्याच्या यंत्रावर ते झकास दिसते. पान वेबवर गेले, की चित्राच्या जागी रिकामी चौकट! कारण त्याने पत्ता दिलेला असतो तो 'सी ड्राइव्ह, त्यात यूजर्स, त्यात डेस्कटॉप' असा. म्हणजे साऱ्या जगाला सांगायचे, की वस्तू आमच्या माजघरातल्या कपाटाच्या तिसऱ्या खणात आहे, घ्या. पत्ता पानाच्या संदर्भाने द्यायचा असतो, हे पाठ्यपुस्तकात असते. पण ती रिकामी चौकट पाहिल्याशिवाय ते अंगात मुरत नाही. पत्ता सुधारला, तरी एखादे चित्र रुसलेलेच असते. विंडोज इंग्रजीतले मोठे आणि लहान अक्षर एकच मानते, तर वेबची बहुतेक यंत्रे लिनक्सवर चालतात आणि ती दोन्हींत भेद करतात. मग पान मित्राच्या फोनवर उघडते, तर अक्षरे मुंगीएवढी, कारण फोनच्या रुंदीनुसार पान मांड, असे सांगणारी एक ओळ राहिलेली असते. फोनने काढलेले चार-पाच मेगाबाइटांचे छायाचित्र जसेच्या तसे चिकटवलेले असते, आणि गावाकडच्या रेंजमध्ये ते वरून खाली, पट्टीपट्टीने उतरत राहते. या चार फजित्या म्हणजे अर्धा अभ्यासक्रम आहे.

एका तालुक्याच्या गावी झालेल्या परीक्षेत सगळ्या मुलांची पाने एकाच छापाची होती: महाविद्यालयाचे बोधचिन्ह, स्वागताची इंग्रजी ओळ, आणि आवडीनिवडींची यादी. एका मुलीचे पान तेवढे निराळे निघाले. तिने आपल्या गावच्या थांब्यावरून सुटणाऱ्या एसटी गाड्यांचे वेळापत्रक केले होते, मराठीत. जेमतेम नऊ गाड्या. थांब्यावरचा फलक पुसट झाला आहे, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर जो फोटो फिरतो तो जुना आहे, म्हणून तिने कंडक्टरला विचारून वेळा टिपून घेतल्या होत्या. तक्त्याच्या पहिल्या ओळीला तिने साध्या चौकोनाची खूण न देता मथळ्याची खूण दिली होती. का, म्हणून विचारले, तर म्हणाली, "सर, नाहीतर फोनला कसं कळणार, की ही गाडीची वेळ नाही, नाव आहे?" वर्षभरात ऐकलेले ते सर्वांत चांगले उत्तर. पान वेबवर आहे का, असे विचारले. नव्हते. लॅबमध्ये इंटरनेट नव्हते. आणि यंत्र बंद करून चालू केले, की सगळे पुसून टाकणारी एक प्रणाली तिथे बसवलेली होती. त्या वेळापत्रकाची एकच प्रत शिल्लक होती, तीही जर्नलात डिंकाने चिकटवलेली. देता येतील तेवढे गुण मी दिले. पण 'हे पान कोणाच्या उपयोगी पडेल का' या प्रश्नाला गुणपत्रिकेत रकानाच नव्हता.

वेळापत्रकाचा फोटो फिरतोच आहे, मग पान कशाला, असे कोणी म्हणेल. फरक मोठा आहे. फोटोतला मजकूर शोधून सापडतोच असे नाही. गाडीची वेळ बदलली, तर नवा फोटो काढावा लागतो आणि जुना फिरतच राहतो. म्हाताऱ्या माणसाने अक्षर मोठे करायला बोटे ताणली, तर निम्मा फोटो पडद्याबाहेर जातो. अंधाला तर फोटो म्हणजे कोरी पाटी. उलट अक्षरांत लिहिलेला साधा तक्ता 'एनव्हीडीए'सारखी मोफत मिळणारी वाचन-प्रणाली मोठ्याने वाचून दाखवते, आणि मथळ्याची खूण नीट दिली असेल, तर आपण कोणत्या रकान्यात आहोत हेही सांगते. आपल्या गावांची, संस्थांची, ग्रंथालयांची किती माहिती आज फोटोंत आणि स्कॅन केलेल्या कागदांत कोंडलेली आहे, याचा जरा विचार करावा.

आता मराठीबद्दल. शहाण्या म्हणवणाऱ्या अभ्यासक्रमांतही सगळी उदाहरणे इंग्रजीत असतात, म्हणून मुलांचे पानही इंग्रजीत होते. पण मराठी पान लिहायला घेतले, की जे प्रश्न पडतात ते इंग्रजीत पडतच नाहीत. १९९० च्या दशकात मराठी संकेतस्थळ वाचायचे, तर आधी त्याचा फॉन्ट उतरवून घ्यावा लागे. नाहीतर पडद्यावर रोमन अक्षरांचा निव्वळ गाळ. कारण आत खरोखरच रोमन अक्षरे असत, वरून देवनागरीचा अंगरखा. युनिकोडने हा घोळ मिटवला. पण डीटीपीच्या दुकानातून आणलेली लग्नपत्रिका किंवा मंडळाचा अहवाल पानावर चिकटवून पाहा, तो गाळ आजही भेटतो. तेव्हा मुलाला पहिल्यांदा समजते, की अक्षर आणि अक्षराचे चित्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'यूटीएफ-८' ही ओळ पानाच्या माथ्यावर का लिहायची, हे त्याला मग पाठ करावे लागत नाही.

आणखी एक गंमत. पानाच्या पहिल्याच खुणेत पानाची भाषा सांगायची सोय असते. तिथे मराठीचे दोन अक्षरी सांकेतिक नाव घातले, तर ज्या फॉन्टमध्ये तशी तजवीज केलेली आहे त्यात 'ल' आणि 'श' यांचे वळण बदलते. हिंदी वळणाचा दंड असलेला 'ल' जाऊन आपला पाकळीचा 'ल' येतो. राज्य शासनाने २००९ च्या निर्णयात मराठीसाठी जी वळणे धरली ती हीच. एका शब्दाने अख्ख्या पानाचा चेहरा मराठी होतो, हे वर्गात करून दाखवावे आणि मुलांचे चेहरे पाहावेत! वाचन-प्रणालीलाही त्यावरूनच कळते, की आता मराठीत वाचायचे आहे. तसेच अक्षरांतले अंतर वाढवण्याची सीएसएसमधली युक्ती. इंग्रजी मथळ्याला ती शोभते, पण देवनागरीला लावली, की शिरोरेषा तुटून शब्दाचे तुकडे पडतात. इंग्रजीच्या मापाने ओळी जवळ ठेवल्या, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. हे इंग्रजी पुस्तकात मिळणार नाही. आपल्या शिक्षकांनीच ते जमवून शिकवायला हवे.

आता पालकांच्या मूळ प्रश्नाकडे येतो. यंत्र अर्ध्या मिनिटात पान देते, देखणेही देते. जरूर घ्यावे. मी त्याच्या विरुद्ध नाही, आणि असतो तरी कोण विचारतो! पण ते पान वाचून पाहणारे कोणीतरी हवे. युटा राज्य विद्यापीठातली 'वेबएम' ही संस्था दरवर्षी जगातल्या दहा लाख संकेतस्थळांची पहिली पाने तपासते. २०२४ मध्ये त्यांपैकी ९५.९ टक्के पानांत अपंगांना अडथळा ठरतील असे, यंत्रालाही पकडता येणारे दोष निघाले. नेहमी आढळणारे दोष कोणते? फिकट पार्श्वभूमीवर फिकट अक्षरे, चित्राला वर्णन नाही, अर्जातल्या चौकोनाला नाव नाही, पानाची भाषा सांगितलेली नाही. यांतला एकही दोष सुधारायला अभियंता लागत नाही. पहिल्या सहामाहीतल्या मुलीला येईल एवढेच ते काम आहे. पुष्कळ तयार साच्यांत भाषेच्या जागी 'इंग्रजी' आधीच भरलेले असते. त्यात मराठी मजकूर ओतला, की वाचन-प्रणाली इंग्रजी धाटणीने मराठीशी झटू लागते. पान डोळ्यांना सुंदरच दिसत असते. दोष दिसतो तो ज्याला शिवण वाचता येते त्यालाच.

म्हणून हा विषय ठेवावा, पण वहीतून बाहेर काढावा. लेखी परीक्षेतले कोडचे प्रश्न काढून ते गुण एका खऱ्या पानाला द्यावेत. पान दुसऱ्या कोणासाठी तरी केलेले असावे: गावचे वाचनालय, मावशींचा मसाल्याचा व्यवसाय, भजनी मंडळ, रोपवाटिका. पान मराठीत असावे आणि वेबवर असावे. 'गिटहब पेजेस'सारख्या सोयीवर त्याला एक पैसा पडत नाही. मावशींचा फोन नंबर त्यांना विचारल्याशिवाय टाकायचा नाही, आणि शेजारच्या मुलाचे छायाचित्र तर नाहीच, हेही त्याच ओघात शिकवता येईल. तोंडी परीक्षा परीक्षकाच्या फोनवर व्हावी. यंत्राची मदत घेतली, तर घेऊ द्यावी. पण कोणत्याही ओळीवर बोट ठेवून 'ही काढली तर काय होईल?' असे विचारावे. उत्तर ऐकून चार मिनिटांत सगळे कळते.

विद्यापीठे हे कधी करतील कोणास ठाऊक. अभ्यासमंडळांच्या बैठका आपल्या गतीने चालतात. तोवर पालकांना एक करता येईल. प्रवेशाच्या दिवशी फी भरण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात. लॅबमध्ये इंटरनेट चालू असते का? आणि गेल्या वर्षीच्या मुलांनी केलेली पाने कुठे पाहायला मिळतील? पहिल्या प्रश्नाला बहुधा 'हो' असेच उत्तर येईल. दुसऱ्यावर जर्नलांचे कपाट दाखवले, तर नमस्कार करून उठावे. पत्ता लिहून दिला, तर परतीच्या वाटेवर, बस थांब्यावर उभी असतानाच, ते पान आपल्या फोनवर उघडावे आणि चित्रे दिसतात का ते पाहावे.